‘आणि पार्टी’

शाहीर पारखायचा तर त्याच्या मागची झील ऐकावी, अशी माझी सवय आहे. आमच्या पोलादपूर तालुक्यात तानाजीचे उमरठ आहे, गावात कवींद्र परमानंदाची समाधी आहे. पोवाड्याचे वेड इकडे जन्माबरोबरच लागते. मुख्य शाहीर थोडा बसक्या आवाजाचा असला तरी चालते. मागचे झीलकरी ढिले पडले, की मांडव उठलाच म्हणून समजावे!

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी ओलांडावी आणि पसरणीचा घाट उतरावा. पायथ्याशी पसरणी लागते. कृष्णराव साबळे १९२३ साली तेथे जन्मले. अमळनेरला आजोळी असताना त्यांना साने गुरुजींचा सहवास मिळाला. पुढे त्यांनी मुंबईत जो संच बांधला त्याचे नाव ‘शाहीर साबळे आणि पार्टी’. या नावातील शेवटच्या दोन शब्दांकडे आमच्या समीक्षकांनी फारसे पाहिलेच नाही. डफ, तुणतुणे, ढोलकी, झांज घेऊन गावोगाव रात्री जागवणारी ही माणसे गायची, नाचायची, सोंगे वठवायची. साबळ्यांचा पहाडी आवाज मोठा खराच. पण तो ज्यावर उभा राहिला तो ओटा या लोकांनी घातलेला आहे. ‘विंचू चावला’ ऐकताना मागच्या मंडळींकडे कान द्यावा. एकनाथांचे भारूड त्यांच्यामुळे चावडीवरचे होते.

त्यांच्या मुक्तनाट्यांत मला ‘आंधळं दळतंय’ सर्वांत ताकदीचे वाटते. नावात म्हण अर्धीच आहे. उरलेली अर्धी प्रेक्षकाने मनात म्हणायची. म्हणजे झील प्रेक्षकाकडेच दिली! आमच्या वाड्यांतली कितीतरी माणसे गिरणगावात खपत होती. हे दळण त्यांचेच होते. माझी तक्रार वेगळी आहे. पीठ खाणारे कोण, याचे उत्तर या नाटकाने फार झटपट परप्रांतीयांवर ढकलले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली आणि माणसे बिऱ्हाड मोडून गावी परतली, तेव्हा तो प्रश्न पुन्हा उभा राहिला. उत्तर इतके सोपे नव्हते.

‘महाराष्ट्राची लोकधारा’ने संचाला मोठा रंगमंच आणि घराघरांतील प्रेक्षक मिळवून दिला. भरत जाधव, अंकुश चौधरी यांच्यासारखे नट त्याच तालमीतले. वासुदेव, गोंधळी, कोळी असे सगळे त्यात रंगीत पोशाखात आले. दृष्ट लागावी असा थाट! पण मुक्तनाट्यातला सोंगाड्या समोरच्या माणसाशी वाद घालीत असे. येथला वासुदेव टोपी झळकवून निघून जातो. चढतीची किंमत म्हणतात ती हीच. १९९८ साली पद्मश्री आली. २०२३ साली केदार शिंदे यांनी आजोबांवर चित्रपट काढला. तोही साहजिकच शाहिरांचा, पार्टीचा नव्हे.

त्याच वर्षी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झाले. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. वर्गात मी मुलांना साबळ्यांची ध्वनिमुद्रिका ऐकवतो. एकट्या गळ्याशी कोणी बरोबरी करू धजत नाही. मागचा गजर आला, की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा, न सांगता, त्यात शिरतात.