पान बदलले, पण बोट कुठे आहे?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले आणि त्यांमागे कविता, चित्रफिती, प्रश्न ठेवले. 2017 मध्ये राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड छापण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर 2020 मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. या प्रयोगाचे कौतुक झाले ते रास्तच आहे. मात्र बहुतेक लेख कोड वाचला गेला की थांबतात. कोड मुलाला दारापर्यंत आणून सोडतो. आत गेल्यावर पडद्यावर नेमके काय घडते, याची समीक्षा कोणी फारशी करत नाही. तिच्यातला एकच भाग येथे घेऊ. तो म्हणजे फोकस.

पहिलीतले मूल शब्दाखाली बोट ठेवून वाचते. गुरुजींनी ‘पान चोवीस’ म्हटले की पान उलटते आणि बोटही नव्या पानावर जाते. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरही असे एक अदृश्य बोट असते. कळ दाबली तर अक्षर कोणत्या चौकटीत उमटणार, एंटर दाबले तर कोणते बटण चालणार, हे ते बोट ठरवते. यालाच फोकस म्हणतात. टॅब कळीने तो पुढे सरकतो, शिफ्ट आणि टॅब मिळून मागे येतो. डोळस माणसाला, हातात माउस असताना, त्याची आठवणही होत नाही. ज्याला दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडरकडून पडदा ऐकतो, त्याचा मात्र सगळा व्यवहार याच बोटावर चालतो. हात थरथरत असल्याने केवळ कळफलक वापरणाऱ्याचेही तसेच.

जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळावर दुव्यावर टिचकी मारली की संपूर्ण नवे पान येत असे. ब्राउझर बोट आपोआप नव्या पानाच्या आरंभी नेई आणि स्क्रीन रीडर पानाचे शीर्षक वाचून दाखवी. प्रोग्रामरने काहीही केले नाही तरी हे होत असे. पुढे ‘एकपानी’ ॲप आले. यात पान एकदाच उतरते. नंतर जावास्क्रिप्ट मधला मजकूर काढून त्या जागी दुसरा बसवते. वेग वाढतो, डेटा वाचतो. आपल्याकडच्या अधूनमधून तुटणाऱ्या नेटवर्कवर हा लाभ खरा आहे. परंतु ब्राउझरच्या लेखी पान बदललेलेच नसते. ज्या बटणावर बोट होते ते बटणच नाहीसे होते, बोट निराधार होते आणि स्क्रीन रीडर गप्प राहतो. अंध मुलाला वाटते, बटण चाललेच नाही. तो ते पुन्हा शोधू लागतो. पलीकडे धडा उघडलेला असतो.

मोबाइलवर आणखी एक गुंता होतो. लिहायच्या चौकटीत फोकस गेला की पडद्यावरचा कळफलक वर येतो आणि जवळजवळ अर्धी जागा खातो. चाचणी उघडताच पहिल्या चौकटीत फोकस नेण्याची हौस बऱ्याच जणांना असते. परिणामी उत्तराची जागा दिसते आणि प्रश्नच झाकला जातो! आयफोनवर याच्या उलट घडते. वापरणाऱ्याने स्पर्श केल्याखेरीज कार्यक्रमाने परस्पर फोकस दिला, तर सफारी सहसा कळफलक उघडत नाही. एका फोनवर तपासून ‘चालते’ म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. ओटीपीच्या सहा वेगवेगळ्या चौकटी हा तर स्वतंत्र छळ आहे. अंक टाकला की बोट पुढे उडी मारते, पण चूक खोडायला मागे येईलच याची खात्री नाही.

हे अज्ञानातून होते असे म्हणवत नाही. वेब सुगम कशी करावी याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत फोकसचा क्रम अर्थपूर्ण असावा आणि तो डोळ्यांना दिसावा, हे 2008 पासून लिहिलेले आहे. ऑक्टोबर 2023 च्या आवृत्तीत, फोकस असलेली वस्तू दुसऱ्या पट्टीखाली पूर्ण झाकली जाऊ नये, ही भर पडली. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला.

मग अडते कुठे? सौंदर्यदृष्टीपाशी, असे मला वाटते. एरिक मायर यांची, ब्राउझरचे मूळ रूप पुसून कोरी पाटी देणारी शैलीपत्रिका 2008 च्या सुमारास जगभर नकलली गेली. फोकसभोवतीची रेघ तिच्यात काढून टाकली होती आणि शेजारी, स्वतःची खूण द्यायला विसरू नका, अशी सूचनाही होती. लोकांनी रेघ पुसणारा नियम उचलला, सूचना वाऱ्यावर सोडली. 2011 च्या आवृत्तीत मायर यांनी तो नियमच वगळला, तरी ‘रेघ वाईट दिसते’ हा समज अजून टिकून आहे. पुस्तकातल्या ओळीखालचे बोट वाईट दिसते म्हणून कोणी ते झटकत नाही.

शैक्षणिक ॲप निवडताना आपण शिक्षकही चित्रे, आवाज, गुण देण्याची सोय पाहतो. त्याऐवजी एकदा माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर आणि स्पेस यांवर एक धडा उघडून पाहावा. बोट सतत दिसते का? सूचनेची छोटी खिडकी उघडली तर ते तिच्यात जाते का, आणि ती मिटल्यावर मूळ बटणावर परत येते का? चुकीची माहिती भरून पाठवली, तर ते चुकलेल्या चौकटीवर जाते की पानाच्या टोकाला? फोनवर सेटिंगमधून टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून हेच करावे. (तो बंद कसा करायचा हे आधी पाहून ठेवा. टॉकबॅक चालू असताना एका स्पर्शाने वस्तूचे फक्त नाव ऐकू येते. ती चालवायला दोनदा टिचकी लागते. यात पुष्कळ जण घाबरतात.) वरच्या वर्गातली मुले ही तपासणी आनंदाने करतील.

उपाय अवघड नाही. मजकूर बदलल्यावर नव्या भागाच्या मथळ्याला फोकस घेण्याजोगे करायचे आणि तो तेथे न्यायचा, हे दोन-तीन ओळींचे काम आहे. मथळाच योग्य की आणखी काही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मार्सी सटन यांनी 2019 मध्ये निरनिराळे अपंगत्व असलेल्या व्यक्तींबरोबर वेगवेगळ्या रीती तपासल्या, तेव्हा सगळ्यांना सारखीच सोयीची अशी एकही रीत निघाली नाही. मथळ्यावर फोकस नेण्याची रीत स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना रुचली, पण पडदा मोठा करून वाचणाऱ्यांची गरज वेगळी होती. त्यांनी सुचवलेला मार्ग मधला होता. प्रत्येक नव्या दृश्याच्या आरंभी एक लहानसा दुवा ठेवायचा आणि फोकस त्यावर न्यायचा.