'आरोपी', 'म्हणे' आणि 'बलात्' : शिरूर-दौंडकडील दोन फिर्यादींच्या निमित्ताने

फौजदारी खटल्याचा निकाल न्यायालयात लागावयाचा असतो. परंतु लोकभाषेत तो पुष्कळदा त्यापूर्वीच लागून गेलेला असतो, आणि तो कसा लागला हे जाणण्यास शब्दांची योजना पाहणे पुरेसे होते. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या एस.टी. बसमध्ये आपणावर अत्याचार झाला, अशी फिर्याद एका तरुणीने दिली. ज्याच्याविरुद्ध ती होती तो शिरूर तालुक्यातील गुनाटचा. गावच्या उसाच्या फडांत ड्रोन व श्वानपथके घेऊन त्याचा शोध झाला, ग्रामस्थांनी पोलिसांस साह्य केले, आणि २८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर तो हाती लागला. या काळात वृत्तपत्रांनी त्यास 'आरोपी' म्हटले आणि 'नराधम'ही म्हटले. एकाच बातमीत दोन्ही शब्द सुखाने नांदताना दिसले. (फिर्यादी स्त्रीचे नाव प्रसिद्ध करण्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते. आरोपीच्या नावाविषयी तशी मनाई नाही. येथील विवेचनास त्याची गरज नाही, इतकेच.)

'नराधम' हा शब्द कृत्य सिद्ध धरूनच उच्चारता येतो, हे उघड आहे. 'आरोपी'ची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. 'दोषी', 'अपराधी' या शब्दांत ईकारान्त प्रत्यय स्वामित्व दाखवितो : दोष ज्याच्या ठायी आहे तो दोषी. 'आरोपी' त्याच साच्यातून निघालेला असल्याने आरोप हाही त्या माणसाचाच गुण वाटू लागतो. वस्तुतः आरोप म्हणजे दुसऱ्याने वर ठेवलेली वस्तू. 'आरोपित' या कर्मणी रूपात तो दुसरा निदान सूचित तरी होतो. 'आरोपी'त तो लोपतो. या उणिवेवर उपाय म्हणून अलीकडे 'कथित आरोपी' असा प्रयोग रूढ होऊ पाहत आहे. तो अज्ञानमूलक आहे. आरोप झाला ही गोष्ट कथित नाही, ती घडलेलीच आहे. कथित असते ते कृत्य. विशेषण चुकीच्या नामास जोडून वार्ताहर सावधपणाचे श्रेय घेतो आणि सावध मात्र होत नाही.

बोलीत हे काम 'म्हणे' हे अव्यय करते. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगण्याची ही सोय मोलाची आहे. 'त्यानं केलं म्हणे' असे पारावर बोलणारा माणूस बातमीच्या शीर्षकापेक्षा पुराव्याच्या बाबतीत अधिक काटेकोर असतो. परंतु तेच अव्यय वाक्यारंभी आले की त्याचा स्वभाव पालटतो. 'म्हणे अत्याचार झाला!' येथे तटस्थता उरत नाही, उपहास येतो; आणि तो फिर्यादीवर उलटतो. निर्दोषत्वाच्या गृहीतकाच्या नावाखाली आपल्याकडे जे बोलले जाते, त्यातील बराचसा भाग या दुसऱ्या 'म्हणे'चा असतो.

ते गृहीतक सांगते एवढेच की सिद्धतेचा भार अभियोगपक्षावर आहे. 'तो निर्दोष आहे' असे विधान ते करीत नाही. मग 'ती खोटे बोलते' हे अनुमान त्यातून निघावे कसे? 'मानणे' व 'असणे' यांतील भेद मराठीस अपरिचित नाही. तो येथेच का विसरला जातो, याचे एक कारण मला 'बलात्कार' या शब्दात दिसते. 'बलात्' ही 'बल' शब्दाची पंचमी. बळाने केलेले कृत्य, असा अर्थ शब्दातच मुरलेला. पोलिसी दप्तरातील 'जबरी संभोग'ही त्याच जातीचा. उलट १८६०च्या दंडसंहितेपासून कायद्याची व्याख्या इच्छा व संमती यांवर उभी आहे. बळ हे संमतीच्या अभावाचा एक पुरावा, एवढेच. शब्द बळाकडे बोट दाखवितो, कायदा संमतीकडे. आणि लोकमत शब्दाचे ऐकते.

स्वारगेटच्या प्रकरणी गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी झटापट वा प्रतिकार झाला नाही, सारे शांतपणे घडले, अशा आशयाचे उद्गार काढले. ते पोलिसांच्या माहितीवरून बोललो असे त्यांनी मागाहून सांगितले, आणि आसपासच्यांस संशय का आला नाही हे सांगण्याचा त्यांचा हेतू असेलही. तथापि, हे विशेषण नवीन नव्हते. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीबाबत घडलेल्या प्रकारात नागपूर खंडपीठाने दोन शिपायांस दोषी ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना मुक्त केले, तेव्हा तिच्या अंगावर जखमा नसल्याने तो प्रकार शांततेचा ठरविला गेला. (निर्णयसंग्रहात हा खटला शिपायाच्या नावाने आहे, जनमानसात मुलीच्या, हेही लक्षात घेण्याजोगे.) १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार विधिअध्यापकांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. त्यांचा मुख्य आक्षेप अर्थशास्त्रीय, म्हणजे शब्दार्थाच्या शास्त्राचा, होता : संमतीत स्वाधीन होणे येते, पण स्वाधीन होण्यात संमती असतेच असे नाही. निर्दोषत्वाचे गृहीतक सोडावे, असे त्यांनी म्हटले नव्हते. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील व तत्सम प्रकरणांत संभोग सिद्ध झाल्यावर संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसे मानावे, असे ठरले. केवळ शारीरिक प्रतिकार न केल्यावरून संमती मानू नये, हे वाक्य संहितेत यावयास मात्र २०१३ उजाडावे लागले.

दौंडकडील फिर्याद याच्याशी ताडून पाहावी. ३० जून २०२५ रोजी स्वामी चिंचोलीजवळ पंढरीच्या वाटेवरील प्रवाशांस शस्त्राचा धाक दाखवून लुटले व एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला, अशी ती फिर्याद. अल्पवयीनाच्या बाबतीत संमतीचा प्रश्न कायद्याने उद्भवतच नाही. परंतु ती ओरडली का नाही, असे विचारणारा कोणी मला तरी भेटला नाही, याचे कारण कायदा नव्हे; तेथे शस्त्र होते, 'बलात्' डोळ्यांना दिसत होते. स्वारगेटच्या खटल्यात बचावपक्षाने संमतीचा मुद्दा मांडला, आणि तो मांडण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे; त्याची परीक्षा उलटतपासणीत होते. त्याच मुद्द्याची चावडीवरील आवृत्ती मात्र कोणत्याही उलटतपासणीस बांधलेली नसते.

खटला संपल्यावरही शब्दांचा हा खेळ थांबत नाही. पुराव्याअभावी कोणी सुटला की मथळा येतो : 'निर्दोष मुक्तता'. न्यायालयाने म्हटलेले असते, दोष सिद्ध झाला नाही. 'निर्दोष' हे विशेषण पुष्कळदा मथळा लिहिणाऱ्याचे असते, आणि फिर्यादी खोटी ठरली असा अर्थ वाचक त्यातून काढतो.