साहसकथांचीं तैलचित्रें

चित्रकार वेगळा आणि गोष्टीला चित्रें काढून देणारा वेगळा, असा भेद आमच्याकडे फार दिवस रूढ आहे. पहिल्याच्या वांट्यास प्रदर्शन व पदक, दुसऱ्याच्या वांट्यास पुस्तकाचें पान. अमेरिकेंतहि हाच प्रकार होता, आणि त्याचा सल तेथील एन्. सी. वायेथ (१८८२–१९४५) या चित्रकाराच्या मनांत जन्मभर राहिला. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’साठीं त्यानें १९११ सालीं काढलेलीं चित्रें पुस्तकांत वीतभर दिसतात, मुळांत तीं जवळजवळ चार फूट उंचीचीं तैलचित्रें आहेत. एवढें मोठें काढून एवढें लहान छापावयाचें, हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं, असें कोणी विचारील. परंतु मोठ्या पटावर हात मोकळा फिरतो, छायाप्रकाशाचे ठळक भाग पडतात, आणि छपाईंत बारकावे गळाले तरी चित्राचा सांगाडा उभा राहतो.

यांतील एका चित्रापाशीं थोडें थांबलें पाहिजे. जिम हॉकिन्स घर सोडून निघाला आहे. कथेंत हा निरोप स्टीव्हन्सननें एकदोन वाक्यांत उरकला आहे. वायेथनें नेमका तोच धरला. मुलगा पुढें, आई मागें तोंड झांकून रडते आहे. चांचे नाहींत, तलवार नाहीं. पण पुढें येणाऱ्या सगळ्या संकटांचें मोल या आईच्या रडण्यानें ठरतें. लेखकानें जें सांगितलें तें पुन्हां रंगांत सांगणें हें चित्रकाराचें काम नव्हे. लेखक जेथून घाईनें पुढें गेला तेथें त्यानें थांबावें. गुरु हॉवर्ड पाइल याच्या शाळेंत वायेथ घडला तो असा.

आमच्याकडील साहसकथा म्हणजे शिवचरित्र. वायेथच्याच वयाचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांनीं प्रतापगडची भेट रंगविली, ती महाराज व अफझलखान यांच्या प्रत्यक्ष झटापटीची. चित्र धीट आहे, हात कसलेला आहे. पण बखर वाचलेल्या माणसास त्यांत नवें कांहीं गवसत नाहीं. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या पावनखिंडीच्या चित्रांत महाराज आणि बाजीप्रभु अजून एकत्र आहेत. याचाच अर्थ, ताटातूट व्हावयाची आहे. एकजण विशाळगडास पोंचणार आणि दुसरा खिंडींतच राहणार, हें पाहणाऱ्यास ठाऊक आहे, आणि चित्र आपल्यालाच तें मनाशीं म्हणावयास लावतें. आम्हांस हें चित्र अधिक मोलाचें वाटतें. मात्र धुरंधरांस गर्दीचा मोह फार. त्यांच्या राज्याभिषेकाच्या दरबारांत इतकीं माणसें आहेत कीं पुस्तकाच्या पानावर तें चित्र आलें म्हणजे तांदूळ सांडल्यासारखें दिसतें. तेथें वायेथचा संयम हवा होता.

अमरावती-अकोल्याच्या मुलांस मावळांतले गड चित्रांतून जितके परिचित आहेत, तितके उशाशीं असलेले गाविलगड व नरनाळा नाहींत. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजीं पडला आणि किल्लेदार बेणीसिंग लढतां लढतां मारला गेला. कोणी चित्रकार हें काम हातीं घेईल, तर तो बहुधा फुटलेला तट, धूर आणि उपसलेल्या तलवारी काढील. आमची सूचना निराळी आहे. वेल्स्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन (हा नांवाचा योगायोग गमतीचा खरा) याचे लोक पांच-सहा दिवस मेळघाटच्या डोंगरांतून अवजड तोफा ओढीत होते. वाट नव्हती, तीहि त्यांनींच पाडली. डिसेंबरची थंडी, सागाचें रान, दोरखंडांना जुंपलेलीं माणसें. आणि फार वर, तटावर, तिकडे पाहणारी एक लहानशी आकृति. तिचा चेहराहि काढण्याची गरज नाहीं.