‘द रिटर्न’ : श्रद्धा, जमीन आणि परकेपण

मलेशियातील तमिळ हिंदू स्थलांतरितांचे जीवन रेखाटणारी के. एस. मणियम यांची ‘द रिटर्न’ ही इंग्रजी कादंबरी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. मुस्लिमबहुल देशातील हिंदूंची व्यथा म्हणजे केवळ धार्मिक संघर्ष, हे गृहीतक ती स्वीकारत नाही. पेरियाताईच्या घरात नटराजाची पूजा चालते. मात्र घराखालच्या जमिनीचा हक्क तिला मिळत नाही. मुलगा कण्णन याच ध्यासापायी प्राणास मुकतो. इंग्रजी शिकून शिक्षक झालेला नातू रवी तगतो, परंतु घराच्या श्रद्धेपासून दुरावतो. तोच निवेदक असल्याने आजीचे अंतर्विश्व बाहेरूनच दिसते, ही कादंबरीची मर्यादा होय. तथापि देव्हारा मांडला म्हणजे माणूस रुजतोच असे नाही, हे सत्य ती समर्थपणे प्रत्ययास आणून देते.