न सांगितलेली वाट

फ्रेडरिक डग्लसच्या आत्मकथनावर वर्गात बोलत होतो. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण तो पळाला कसा?" प्रश्न रास्त होता. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात चाबूक आहे, भूक आहे, गोऱ्या पोरांना भाकरी देऊन मिळवलेली अक्षरे आहेत. पण ३ सप्टेंबर १८३८ रोजी तो बाल्टिमोरहून कसा निसटला, तेवढे नाही. ही वाट मी सांगणार नाही, असे तो वाचकाला बजावतो. सांगितली तर मदत करणारे अडचणीत येतील आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल. खलाशाचा वेश आणि उसने कागदपत्र ही हकीकत त्याच्या पुस्तकात आली ती १८८१ साली, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर.

गुलामांना वठणीवर आणणाऱ्या कोव्हीशी पोरसवदा डग्लसने जवळजवळ दोन तास दिलेली झुंज प्रसिद्ध आहे. मला मात्र हे मौन त्याहून मोठा विद्रोह वाटते. झुंजीत त्याने मालकाचा हात धरला. इथे तो वाचकाची जिज्ञासा अडवतो. आपल्या आयुष्यातले काय द्यायचे आणि काय राखायचे, हे ठरविणारा माणूस गुलाम उरत नाही.

त्याच्या हितचिंतकांना हे पचणारे नव्हते. सभेत त्याने केवळ हकीकत सांगावी, मीमांसा आपण करू, अशी गोऱ्या सहकाऱ्यांची अपेक्षा होती, अशी नोंद त्याने १८५५ च्या दुसऱ्या आत्मकथनात केली आहे. पहिल्या पुस्तकाला गॅरिसन आणि फिलिप्स या गोऱ्या पुढाऱ्यांची शिफारस लागली होती. दुसऱ्याला जेम्स मॅक्यून स्मिथ या काळ्या डॉक्टराची प्रस्तावना आहे. मधल्या काळात, १८४७ मध्ये, त्याने स्वतःचे पत्र काढले होते.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा डग्लस हयात होता. पण त्या नात्याचा केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. आपल्या आत्मकथनांनाही 'दाहक अनुभव' म्हणून दाद मिळते. त्यांतला विचार मात्र बाजूला राहतो. एका साहित्य मेळाव्यात मला बालपण सांगायला बोलावले होते. साहित्यावर बोलायला दुसरे होते.

तरीही डग्लसचे प्रत्येक मौन मी मान्य करणार नाही. ॲना मरे ही जन्माने स्वतंत्र असलेली काळी स्त्री बाल्टिमोरला घरकाम करी. तिने साठवलेल्या पैशातून त्याच्या पलायनाला मदत केली. वाट लपवताना तिची मदत लपवणे समजते. पण १८८१ मध्ये वाट उघड झाली, तेव्हाही तिच्या वाट्याला मानाची जागा आली नाही. ती हकीकत पुढे मुलीने सांगितली. पहिले मौन माणसे वाचवते. दुसरे माणूस पुसते. एकट्या पुरुषाने स्वातंत्र्य मिळवले, ही कथा मग पुरी खरी राहत नाही.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. ही कहाणी मी अनेकदा सांगितली आहे. माझी फी भरली जावी म्हणून थोरल्या बहिणीची शाळा चौथीत सुटली, हे मात्र आज पहिल्यांदा लिहितो आहे.