एका व्याख्यानमालेचें परीक्षण

आमच्या तालुक्याच्या गांवीं एका लहान महाविद्यालयांत दरसाल हिवाळ्यांत तीन दिवस इतिहासविषयक व्याख्यानमाला होत असते. पुण्यांत इ. स. १८७५ मध्यें सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेनें जो पायंडा पाडला, त्याचेंच हें धाकटें रूप. दूरदूरचे विद्वान् येथवर येतात आणि खेड्यापाड्यांचीं मुलें त्यांचें भाषण मनापासून ऐकतात, हें चालकांचें श्रेय सामान्य नव्हे. यंदाचीं पहिलीं दोन व्याख्यानें साधार व नेटकीं झालीं. तिसऱ्याविषयीं मात्र सविस्तर लिहिणें प्राप्त आहे. कारण त्यांतील एक चूक आतां दगडावर चढूं पाहत आहे.

वक्त्यांनीं गांवच्या देवस्थानाच्या इनामाचें मोडी पत्र पडद्यावर दाखविलें. पत्रांत नांव 'माधवराव पंडित प्रधान' एवढेंच असून काल 'सुरू सन खमस सबैन मया व अलफ' असा आहे. खमस म्हणजे पांच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११७५. येथवर वाचन बिनचूक होतें. पुढें मात्र वक्त्यांनीं हा अंक हिजरी धरून इ. स. १७६१-६२ शीं जुळविला, आणि पानिपतानंतर राज्य सांवरणाऱ्या थोरल्या माधवरावांनीं हें इनाम दिलें, असें मोठ्या ओजानें सांगितलें. टाळ्यांचा कडकडाट झाला.

संख्यावाचक शब्द अरबी असल्यामुळें ही भूल पडते. परंतु 'सुरू सन' म्हणजे शुहूर सन. तो सौर असून मृगास पालटतो. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि तेथून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. यास्तव हें पत्र १७७४ च्या मृगापासून १७७५ च्या मृगापर्यंतच्या वर्षांतील ठरतें. थोरले माधवराव तर १८ नोव्हेंबर १७७२ रोजींच वारले होते. अर्थात् पत्रांतील माधवराव हे एप्रिल १७७४ मध्यें जन्मलेले सवाई माधवराव होत. पत्र १७६१-६२ चें असतें, तर त्यांत 'इसन्ने सितैन' असें आलें असतें. तान्ह्या पुतण्याच्या नांवानें निघालेलें पत्र वक्त्यांनीं दिवंगत चुलत्याच्या पदरीं घातलें!

हानि केवळ तेरा वर्षांची नाहीं. रघुनाथरावांनीं इंग्रजांशीं सुरतेचा तह मार्च १७७५ मध्यें, म्हणजे याच सनांत, केला. अशा धामधुमींत बारभाईंच्या कारभारांतून एका आडगांवच्या देवस्थानास इनाम कां मिळालें, हा खरा शोधाचा प्रश्न; तो टाळ्यांत बुडाला.

सभेंत शंकेस अवसर नव्हता. लागलेंच आभारप्रदर्शन झालें. पण हें अर्धेंच खरें. पाहुण्यांचा उपमर्द होईल या भिडेनें मीही गप्प बसलों, आणि मौन हें संमतीचें लक्षण ठरलें. आतां देवस्थानचे पंच १७६१ हा आंकडा शिलेवर कोरविण्याच्या विचारांत आहेत.

व्याख्यान लिहून ठेवण्याचें मोल डॉ. वि. सी. सुकथनकरांच्या उदाहरणावरून कळतें. महाभारताच्या अर्थावरील त्यांच्या चार व्याख्यानांपैकीं चौथें होण्यापूर्वींच, २१ जानेवारी १९४३ रोजीं, ते निवर्तले. तथापि मजकूर लिहिलेला असल्यामुळें १९५७ मध्यें तो ग्रंथरूपानें अभ्यासकांच्या हातीं आला. हल्लीं प्रत्येक व्याख्यानाचें ध्वनिचित्रमुद्रण होतें. त्यांत वक्त्याचा आवाज राहतो, आधार राहतातच असें नाहीं.

म्हणून चालकांस दोनच सूचना. वक्त्यानें दाखविलेल्या प्रत्येक कागदाची बालबोध नक्कल आणि कालगणनेचा हिशेब लिहून ग्रंथालयांत ठेवावा. आणि व्याख्यानानंतर अर्धा तास शंकांस द्यावा. यास शाल-श्रीफळाइतकाही खर्च नाहीं.

वरील हिशेब मीं वक्त्यांस व पंचांस लिहून पाठविला आहे. या सनांतील त्याच परगण्याचीं इनामपत्रें ज्या संग्राहकांजवळ असतील, त्यांनीं तीं ताडून पाहावीं. माझें चुकलें असल्यास तेंही टांकी चालण्यापूर्वींच कळलेलें बरें.