श्लोक प्रक्षिप्त आहे का, हा प्रश्न नेमका कशासाठी?

२०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा बाहेर आला. त्यात मनुस्मृतीतला एक श्लोक होता आणि पुढचे काही दिवस सगळीकडे तोच विषय होता. श्लोक मोठ्यांना मान देण्याबद्दलचा, म्हणजे एकटा वाचला तर आक्षेप घ्यावा असं त्यात काही नाही. बचाव करणारे म्हणत होते, श्लोकात वाईट काय ते दाखवा. विरोध करणारे म्हणत होते, ग्रंथ कोणता ते बघा. आठवडाभर दोन्ही बाजू बोलत राहिल्या, पण एकमेकांना उत्तर कुणीच दिलं नाही, कारण प्रश्नच वेगवेगळे होते.

पेट किंवा नेटनंतरच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांपैकी काहीजण 'धर्मग्रंथांतली विषमता' असा विषय घेऊन येतात. विषय चांगला आहे. पण आराखडा वाचला की बहुतेक वेळा तोच घोटाळा दिसतो: पहिल्या परिच्छेदात श्लोक, दुसऱ्यात अत्याचाराची बातमी, आणि मधला पूल गायब. मी विज्ञानाचा विद्यार्थी, संस्कृतचा अधिकार माझ्याकडे नाही. पण पूल गायब आहे हे ओळखायला संस्कृत लागत नाही. म्हणून आज एक जुना वाद तुमच्याबरोबर वाचायचा आहे. माझ्या मते या विषयावर आपल्याकडे झालेल्या वादांत पद्धतीच्या दृष्टीने हा सगळ्यात शिकण्यासारखा आहे.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मसुदा बघून मंडळ हादरलं. जात मोडायची तर वेद आणि शास्त्रं पवित्र आहेत, प्रमाण आहेत, या समजुतीवरच घाव घालावा लागेल, असं त्यात होतं. काही भाग गाळा, असा आग्रह झाला. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं, अधिवेशन रद्द झालं, आणि त्यांनी ते भाषण स्वतः छापलं. तेच 'जातिसंस्थेचे निर्मूलन'. गांधींनी जुलै १९३६ मध्ये 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. (पुस्तकाची किंमत आठ आणे होती. ती दोन आणे, निदान चार आणे करावी असंही त्यांनी सुचवलं. पुस्तक खपू नये असं वाटणारा माणूस असं सुचवत नाही.) आंबेडकरांनी १९३७ च्या आवृत्तीत हे लेख आणि आपलं उत्तर, दोन्ही जोडलं. म्हणजे संपूर्ण वाद एकाच पुस्तकात मिळतो. संशोधनाला नवीन असाल तर इथूनच सुरुवात करा.

गांधींचे मुद्दे थोडक्यात असे. जातीचा धर्माशी संबंध नाही, ती एक रूढी आहे. स्मृतींमध्ये असं बरंच काही आहे की जे ईश्वराचं वचन मानताच येणार नाही, आणि आंबेडकरांनी दिलेली अनेक वचनं अस्सल म्हणून स्वीकारता येत नाहीत. धर्म जोखायचा तर त्याच्या वाईट नमुन्यांवरून जोखू नये, चांगल्यांवरून जोखावा. आणि इथे ते संतांची नावं घेतात. त्यात ज्ञानदेव आहेत, तुकाराम आहेत. मावळात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मुद्दा लगेच पटतो. इंद्रायणी आमच्या लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि खाली देहू-आळंदीला जाते. तुकोबा आपले, मग मनू कशाला आठवायचा?

आंबेडकरांचं उत्तर दोन ठिकाणी घाव घालतं. पहिलं: वचन अस्सल की नंतर घुसडलेलं, हा भेद पंडित करतात. सामान्य माणसाला तो माहीत नसतो. त्याला 'शास्त्रात असं आहे' एवढंच सांगितलेलं असतं आणि तो ते पाळतो. दुसरं: संतांनी देवासमोर सगळे सारखे असं सांगितलं, पण माणसामाणसांतल्या जातीच्या व्यवहारावर त्यांनी मोहीम उघडली नाही. शिवाय लोकांना शिकवण अशी मिळते की संत जात मोडू शकतो, सामान्याने मोडू नये. म्हणजे संताचं उदाहरण अनुकरणासाठी उरत नाही, फक्त नमस्कारासाठी उरतं.

यातला पहिला घाव निर्णायक आहे, असं मला वाटतं. दुसरा मात्र पूर्ण पटत नाही. वारकरी परंपरेने व्यवहारात काय बदललं आणि काय नाही, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते गावोगावच्या फडांमधून, पंगतींमधून, दिंड्यांमधून शोधावं लागेल. तो अभ्यासाचा विषय आहे, आणि हवा असेल तर घ्या. पण पहिल्या मुद्द्याने वादाची जागाच बदलते. 'ग्रंथात काय लिहिलंय' याऐवजी 'ग्रंथाचा अधिकार कोण, कुणावर, कसा वापरतं' हा प्रश्न येतो. २०२४ च्या त्या श्लोकाबद्दलचा खरा वादही हाच होता. श्लोक निरुपद्रवी असल्याने प्रश्न सुटत नव्हता, कारण प्रश्न पुस्तकाला शाळेत मिळणाऱ्या मानाचा होता.

आता 'प्रक्षिप्त' या शब्दाबद्दल, कारण तो आपल्याकडे फार स्वस्त झालाय. न आवडणारा भाग दिसला की प्रक्षिप्त. पाठचिकित्सेत हा शब्द असा वापरत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला हाती घेतली आणि १९६६ ला पूर्ण केली. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक हस्तलिखितं शाखांनुसार लावून बघत होते: हा श्लोक कोणत्या शाखांत आहे, कोणत्यांत नाही. संपादकाला तो आवडतो की नाही, हा निकषच नव्हता. मनुस्मृतीची चिकित्सक आवृत्ती पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी २००५ मध्ये काढली. काही भाग मागाहून आला असावा असं ते दाखवतात, पण ग्रंथाचा मूळ सांगाडा एका कर्त्याने आराखडा आखून रचलेला आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे 'चांगलं मनूचं, वाईट घुसडलेलं' ही वाटणी फार टिकत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आलेखात न बसणारे बिंदू कारण न देता पुसले तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. इथेही तेच.

पण थांबा. १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात स्वतः आंबेडकरच पुरुषसूक्तातल्या चार वर्णांच्या उत्पत्तीच्या ऋचा मागाहून घातलेल्या आहेत असं मांडतात. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी अस्सल-प्रक्षिप्ताचा मुद्दा गैरलागू ठरवला, तेच आता तो मुद्दा वापरतात? टीकाकार इथे विसंगती पकडल्याचा आनंद घेतात. माझ्या मते ही विसंगती नाही, प्रश्न बदललाय. १९३६ चा प्रश्न होता: माणसं जात का पाळतात? तिथे ऋचा कधी आली याने फरक पडत नाही. १९४६ चा प्रश्न होता: चौथा वर्ण कधी आणि कसा झाला? तिथे ऋचेचं वय हाच पुरावा आहे. शूद्र हे मुळात क्षत्रियच होते, हा त्यांचा पुढचा सिद्धांत आजचे बरेच अभ्यासक मान्य करत नाहीत, आणि तुम्ही त्याची चिकित्सा जरूर करा. पण त्याच ग्रंथात त्यांनी वर्ण म्हणजे कातडीचा रंग आणि आर्य म्हणजे वेगळा वंश हे समीकरण नाकारलंय, हे सोडू नका. हा ग्रंथ त्यांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केला, आणि फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची (१८७३) मांडणी तर बाहेरून आलेल्या आर्यांच्या आक्रमणावर उभी आहे. गुरू मानलेल्या माणसाला ग्रंथ अर्पण करायचा आणि त्याचं गृहीतक आतच तपासायचं. संशोधनात याहून मोठा आदर मला माहीत नाही.

वंशाचा उल्लेख आलाच आहे तर तुलनेसाठी अमेरिकेतलं एक उदाहरण घेऊ. मॉर्मन पंथाच्या १८३० च्या धर्मग्रंथात एका लोकसमूहाला शाप म्हणून काळी त्वचा मिळाल्याचा उल्लेख आहे. १८५२ पासून कृष्णवर्णीय पुरुषांना त्या चर्चमध्ये पौरोहित्य नाकारलं गेलं. ती बंदी १९७८ मध्ये उठली. १९८१ च्या आवृत्तीत एका वचनातला 'गोरे' या अर्थाचा शब्द बदलून 'शुद्ध' या अर्थाचा घातला गेला. संस्थापकाने १८४० मध्येच तो बदल केला होता, असं त्याचं समर्थन आहे. २०१३ मध्ये चर्चने काळी त्वचा म्हणजे शाप ही जुनी स्पष्टीकरणं अधिकृतपणे नाकारली. शापाचं ते वचन मात्र ग्रंथात तसंच आहे, आणि त्याचा अर्थ प्रतीकात्मक घ्यायचा की शब्दशः, यावर वाद चालूच आहे. युक्तिवाद ऐकले तर ओळखीचे वाटतील: काळच तसा होता, अर्थ चुकीचा लावला, मूळ शब्द वेगळा होता.

फरक एक आहे आणि तो मोठा आहे. तिथे नियम बदलायला एक अधिकृत केंद्र आहे. आपल्याकडे मनुस्मृती रद्द झाली असं जाहीर करणारं कार्यालयच नाही. 'निर्मूलना'त आंबेडकर हिंदूंसाठी एकच प्रमाण ग्रंथ असावा आणि पुरोहित सरकारी परीक्षा देऊन, सनद घेऊन व्हावेत अशी मागणी करतात. ती अनेकांना विचित्र वाटते, वर्गात हसूही येतं. पण मॉर्मन उदाहरण शेजारी ठेवून वाचा, मग कळतं की ते कुठली पोकळी भरायला बघत होते.

आणि आता तो गायब पूल. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. पण चवदार तळ्याचा कोर्टातला दावा मनुस्मृतीवर चाललाच नाही. तो चालला वहिवाटीवर. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची प्रथा अनादि काळापासून आहे, हे वादींना सिद्ध करायचं होतं, आणि ते त्यांना जमलं नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला दिला. एकाच लढ्यात ग्रंथाचा अधिकार आगीत नाकारला गेला आणि वहिवाटीचा कोर्टात. दोन्ही लागलं. ग्रंथातून थेट घटनेवर उडी मारणाऱ्या आराखड्यात ही वहिवाट नावाची पायरी नसते. कोणी सांगितलं, कोणत्या प्रसंगी, न पाळणाऱ्याला काय झालं, याची कागदपत्रं शोधायला लागतात. कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण यासाठी उत्तम आहे, कारण तिथे पुरोहित, मंत्र, इनाम आणि वर्तमानपत्रं सगळंच नोंदीत सापडतं.

उलट दिशेची उडीही तितकीच धोक्याची आहे. ग्रंथात नियम आहे म्हणून समाज तसाच चालत होता, असं धरू नका. खंडाळ्याहून लोणावळा ओलांडलं की कार्ल्याचा फाटा लागतो. एकवीरेच्या रांगेत उभं राहण्याआधी चैत्यगृहाच्या दारापाशी थांबा. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत: वैजयंतीचा भूतपाल शेठ, धेनुकाकटचे यवन, तिथलाच सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्त, आणि सामी नावाचा सुतार, ज्याने दाराचं काम दान दिलं. हे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. शूद्राने ऐपत असली तरी धन साठवू नये असं सांगणारा मनू ऑलिव्हेलच्या मते त्यानंतरच्या शतकातला. मग हा नियम चालू व्यवहाराचं वर्णन होता, की पैसा हाती आलेल्या कारागिरांमुळे बिथरलेल्यांची प्रतिक्रिया? दुसरी शक्यता मला जास्त रास्त वाटते. पण एवढ्यावर प्रबंध उभा राहणार नाही. दान देऊ शकले त्यांचीच नावं दगडावर आली, ज्यांना जमलं नाही त्यांची नाहीत. आणि सामी स्वतःला सुतार म्हणवतो, धेनुकाकटचा म्हणवतो, बापाचं नाव वेणुवास सांगतो. वर्ण सांगत नाही.